दादा, तुमचं नाव देऊ का?

दादा, आईला विचारलं तर ती म्हणाली, "मला काय इच्यारती? त्यान्लाच इच्यार." आणि भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे हनुवटीनं खूण करून परत लसूण सोलायला लागली. म्हणून तुम्हालाच विचारायला बसले आहे. तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की फोटोचा हारसुद्धा आता प्लॅस्टिकचा आहे, आई तो अधूनमधून पदरानं पुसते. प्रश्न एवढाच आहे. आमच्या चर्चच्या सभेतली काही माणसं पुढच्या महिन्यात परदेशातल्या आमच्या मंदिरात जाणार आहेत, त्यांच्यात मी आणि माझा मुलगाही आहोत. तिथे वारलेल्या माणसांच्या नावानं बाप्तिस्मा घेता येतो. पुरुषाच्या नावानं पुरुष पाण्यात उतरतो, म्हणजे तुमच्या नावानं माझा मुलगा उतरेल. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही, पण कान अगदी तुमचे आहेत. जवळच्या माणसाची संमती लागते, ती आईची. आणि आईनं ते तुमच्यावर ढकललं.

तुम्ही साखर कारखान्यातून रिटायर झालात त्या उन्हाळ्यात मी बेंगलोरहून आले होते, आठवतं? कोपरगाव स्टेशनवर तुम्ही घ्यायला आला होतात. बॉयलरच्या धगीनं कायमचा काळवंडलेला चेहरा आणि कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. पुणतांब्याला घरी पोचलो, आईनं स्टोव्हवर चहा ठेवला आणि मी म्हणाले, मी चहा सोडलाय. आपल्याकडे चहा सोडतो तो एकतर आजारी नाहीतर रुसलेला. आईनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला, नर्स झालेल्या लेकीचा! तुम्ही म्हणालात, "उपास हाय का? आपल्यात उपास न्हाईत." मग सांगावंच लागलं. मी येशूला मानायला लागले आहे, बाप्तिस्मा घेतलाय, आम्हाला मॉर्मन म्हणतात, आमच्यात चहा, कॉफी, दारू, तंबाखू काही चालत नाही. तुम्ही मळलेला तंबाखू तसाच तळहातावर धरून ऐकत होतात. "म्हंजी नगरच्या मिशनवाल्यांत गेलीस?" "नाही दादा, ते वेगळे. ते आम्हाला त्यांच्यातलं मानत नाहीत." त्यावर तुम्ही जे बोललात ते सांगून मी आजवर कितीतरी जणांना हसवलंय, पण त्या दिवशी मला रडूच आलं होतं. "आमी तेहतीस कोटी सोडले, आन तू एक धरून आलीस. त्योबी असा, की त्याच्याच लोकान्ला पटंना." एवढं बोलून तुम्ही बाहेर जाऊन बसलात.

मला तुम्हाला सगळं नीट सांगायचं होतं. माझी ड्यूटी तेव्हा जळालेल्यांच्या वॉर्डात होती. एक कोवळी पोर, नवं लग्न झालेली, माझ्याकडे बघत बघत गेली. सलाईन लावायला तिची शीर सापडत नव्हती, मी नुसती शोधत राहिले. नंतर मी बाथरूममध्ये रडत होते तेव्हा बरोबरची सिस्टर येऊन म्हणाली, तिचं दुखणं येशूनं आधीच सोसून ठेवलं होतं, ती एकटी गेली नाही. खरंखोटं तपासून घ्यावं, हे तुम्हीच शिकवलेलं. म्हणून रविवारी तिच्याबरोबर सभेला गेले, मग पुन्हा गेले. तिथे मला काही घबाड मिळालं नाही. त्या वॉर्डात परत उभं राहता आलं, एवढंच. पण हे तुमच्यापुढे मांडायला गेले की सगळं पांगायचं. तुम्ही म्हणायचात, "दुःख हाय हे आमीबी मानतो. मंग त्याच्यासाठी परका मानूस कशाला?"

दोनतीन दिवस तुम्ही माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोललात. मग एका सकाळी माझ्यापुढे पेल्यात दूध आलं. आपल्या शेळीचं नव्हे, म्हशीचं, वर साय धरलेलं. शेळीचं चहापुरतंच निघायचं. मी आईकडे बघितलं तर तिनं डोळ्यांनीच गप्प बस म्हटलं. तुम्ही किटली घेऊन वरच्या आळीच्या बागायतदाराकडे गेला होतात. ज्या दारात तुमच्या आईच्या पदरात लांबून भाकरी टाकायचे, त्या दारात. तिथे पुन्हा पाय ठेवायचा नाही असा तुमचा तरुणपणापासूनचा नेम होता, त्यांचा मुलगा कारखान्यात तुमच्याच पाळीला असूनही तुम्ही तो पाळला होता. मी काही बोलायच्या आत तुम्हीच म्हणालात, "मागून न्हाई आनलं. इकत आनलंय. पी." मी प्यायले. रजा संपेपर्यंत रोज प्यायले. माझ्या धर्मासाठी तुम्ही तुमचा नेम मोडलात, दादा, आणि मला तुम्हाला नका जाऊ असंही म्हणता आलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तुम्ही मला गोदावरीवर नेलंत. उन्हाळ्याची नदी, कुठेकुठे डबकी उरलेली. घाटापासून लांब, खालच्या अंगाला तुम्ही थांबता आणि बोट दाखवता. "हितं सोडले आईचे टाक." बौद्ध झाल्यावर घरातले देव फडक्यात बांधून तुम्ही नदीत सोडलेत, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते, शाळेत ऐटीत सांगतही होते. त्या संध्याकाळी तुम्ही उरलेलं सांगता. आजी नदीपर्यंत तुमच्यामागे आली होती, "येवढा खंडोबा तरी ठिव रं" म्हणत. "म्या ठिवला न्हाई. तिच्या भल्याचंच करीत हुतो. आजबी मला वाटतं, माझं काय चुकलं न्हाई. पन इच्यारायला पायजे हुतं तिला. मरस्तवर ती मोकळ्या कोनाड्याला हात जोडायची." मग म्हणालात, "तू मला न इच्यारता गेलीस त्याचा राग न्हाई. ज्याचं त्यानं ठरवावं. पन बदललीस तर पुरती बदल, अर्ध्यात लटकू नगं." परतताना तुम्ही पुढे आणि मी मागे.

पुरती बदलले म्हणूनच तर पंचाईत झाली आहे. सभेतल्या एक ताई समजावतात, यात जबरदस्ती नाही, आपण नुसतं दार उघडायचं, तिकडचा माणूस हवं तर आत येईल, नाहीतर नको म्हणेल. मी हे मनापासून मानते. पण तुम्ही नको म्हणालात हे मला इकडे कळणार कसं? तुम्ही स्वतः निवडलेल्या धर्मात जगलात, त्यातच गेलात. तुमच्यासाठी विहारात गाथा म्हटल्या तेव्हा मी आईशेजारी मांडी घालून बसले होते. आता मागून तुमच्या नावावर पाणी ओतायचं म्हणजे कोण मी? आणि नाही ओतलं, तर मेल्यावर पलीकडे माझं घर मांडलं जाईल आणि त्यात तुम्ही नसाल, हेही मी तितकंच मानते. तुमच्या टोमण्यांशिवायच्या स्वर्गात मी कायमची बसून काय करू? इकडे आड, तिकडे विहीर. येशूला विचारते, तर तो माझं सगळं ऐकून घेतो आणि गप्प राहतो, अगदी तुमच्यासारखा. हे पत्र कुठल्या पेटीत टाकता येणार नाही हे मला कळतं, तरी लिहिते आहे, कारण ताईंना रविवारी हो की नाही सांगायचं आहे.

एक सांगायचं राहिलं. नगरच्या दवाखान्यातले तुमचे शेवटचे दिवस. मी रजा काढून उशाशी बसलेली. दुपारची वेळ, आई डबा धुवायला गेलेली, आणि तुम्ही एकदम विचारता, "तुमच्यात मेल्यावर काय व्हतं गं?" आयुष्यभर असल्या गोष्टींना हसत आलेला माणूस! मी सांगितलं, घरची माणसं एकत्र राहतात, कायमची. तुम्ही पंख्याकडे बघितलंत. "मंग मी?" मी म्हणाले, "तुम्ही पण, दादा. तुम्ही माझ्याबरोबरच." तुम्ही डोळे मिटलेत आणि म्हणालात, "बरं हाय मंग." एवढं जरी ताईंना सांगितलं तरी त्या तो तुमचा होकार धरतील, आईसुद्धा धरेल. पण एकत्र राहायला तुमचा बाप्तिस्मा व्हावा लागतो, हे मी तेव्हा तुम्हाला सांगितलंच नाही. अगदी जिभेवर आलं होतं. तुम्ही न्हाई म्हणाला असतात, दादा, आणि मला ते ऐकायचं नव्हतं.