घरची बातमीदार

प्रिय दादा,

मला वर्तमानपत्रात नोकरी लागली. संपादकांनी विचारलं, "बातमीदारी कुठे शिकलात?" मी म्हटलं, "घरी." ते हसले. तू हसला नसतास.

अकरा वर्षं आई-बाबा एकमेकांशी बोललेले नाहीत. तू नोकरीचं निमित्त करून सुटलास. "सांग तुझ्या बाबांना," "सांग तुझ्या आईला," यातच मी वाढले. शब्द न् शब्द पोचवायचा, तिखटमीठ लावायचं नाही. एकदाच लावलं. बाबा म्हणाले, "भाजी खारट झालीय." मी आईला सांगितलं, "आवडली." आठवडाभर तीच भाजी झाली, तेवढीच खारट.

नोकरी दुसऱ्या शहरात आहे. काल आईला सांगितलं. म्हणाली, "जा गं. पण मग त्यांना निरोप कोण देणार?" आतल्या खोलीत बाबा म्हणाले, "जा की. पण मग तिला निरोप कोण देणार?"

अकरा वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं, आणि ती बातमी मी दाबली. परवा हजर व्हायचंय. बॅग रिकामीच आहे.

हे पत्रही टाकणार नाही. वाचून तू लगेच फोन करशील आणि म्हणशील, "सांग त्या दोघांना..."

तुझी धाकटी,
हल्ली मधली