देवासचं निळं दूध

३ नोव्हेंबर, सोमवार
जाहिरात पुन्हा वाचली. फूड सेफ्टी ऑफिसर. फूड टेक्नॉलॉजी, डेअरी, मायक्रोबायोलॉजी किंवा केमिस्ट्रीत एम.एस्सी. मी केमिस्ट्री. आमच्या घरात शाळा पाहिलेली मी पहिलीच. डिग्री आहे, आता संशयी नजर हवी. आजपासून कशावरही विश्वास नाही.
दुधापासून सुरुवात. आयोडीनचे थेंब टाकले आणि दूध निळं झालं, तर त्यात स्टार्च. आईने स्वयंपाकाचं भांडं दिलं नाही. मोरीमागे एक पातेलं मिळालं. आतून पांढरट, पण जुनं अॅल्युमिनियम तसंच दिसतं.
दूध निळं झालं. म्हणजे वीरेंद्र भिया. मी लहान असल्यापासून आमच्याकडे दूध घालणारे.

४ नोव्हेंबर
भियांना दारातच विचारलं, काय मिसळता? म्हणाले, "बेटी, झूठ नहीं बोलूँगा, कभी-कभी पानी. और कुछ नहीं." अर्ध्या कबुलीमागे पूर्ण गुन्हा असतो. तक्रार करीन म्हटलं. लायसन्स गेलं तर घर कसं चालवू, म्हणाले. सगळे असंच म्हणतात.

१० नोव्हेंबर, सोमवार
सरदारपूरची मावशी आली, घरच्या म्हशीचं दूध घेऊन. तपासलं. निळं. मावशीसुद्धा.
ती न जेवता बसने परत गेली. दोषी माणूस घाईत निघतो.
आईला याचं काही नाही. काल दिवसभर बाबांच्या गार्डच्या वर्दीला खळ घालत होती.

१७ नोव्हेंबर, सोमवार
भियांनी दूध बंद केलं. म्हणून नुसतं नळाचं पाणी तपासलं. निळं. प्रकरण फार वरपर्यंत गेलेलं आहे. पुरावा पातेल्यातच ठेवला. भियांविरुद्धची तक्रार मोबाइलवर भरून ठेवली, परीक्षा झाली की पाठवणार.

२३ नोव्हेंबर, रविवार
पेपर. पहिलाच प्रश्न, नमुन्याचं भांडं कसं असावं? स्वच्छ, कोरडं, दुसऱ्या कशाला न वापरलेलं. इतकं सोपं विचारून काय तपासतात कोण जाणे.

२४ नोव्हेंबर
बाबांची पांढरी वर्दी निळी-जांभळी झाली. तीच घालून ड्यूटी केली. कारखान्याच्या गेटवर सगळे बाबांना विचारत होते, "भिया, प्रमोशन हो गया क्या?"
मी म्हटलं, साबणात भेसळ असणार.
आई म्हणाली, "माझ्या खळीच्या पातेल्यात काय ओतून ठेवलं होतंस?"
खळ साबुदाण्याची असते. साबुदाणा म्हणजे स्टार्च. मी एम.एस्सी. आहे.

२५ नोव्हेंबर
तक्रार पुसून टाकली. मावशी फोन उचलत नाही. सकाळी वीरेंद्र भिया शेजारी दूध घालून आमच्या दारावरून पुढे गेले.
कोरा चहा घेतला. कप आधी दोनदा धुतला.