कॅमेऱ्यातला काका

४ मार्च
आलो एकदाचे नव्या घरी. तिसरा मजला, दोनच खोल्या, पण ऊन भरपूर. नवरा कामासाठी महिनाभर परगावी. मी उद्यापासून दातांच्या दवाखान्यात रुजू. आमची ठमी, वय वर्षं तीन, दिवसभर सांभाळायला ठेवलेल्या मावशींकडे. जीव टांगणीला नको म्हणून बाहेरच्या खोलीत इंटरनेटवरचा कॅमेरा बसवला. फोनवर ठमी दिसते, तिच्याशी बोलताही येतं. आई, सासूबाई, आत्या, नणंद, सगळ्यांनाच तिला बघायची घाई, म्हणून पासवर्ड सरळ घरच्या ग्रुपवर टाकला. नणंदेने तो पुढे साखर वाटावी तसा वाटला. वाटू दे, पोरीचं कौतुकच आहे.

९ मार्च
आज जेवताना कॅमेऱ्याची मान आमच्याकडे वळली. ग्रुपवर विचारलं, कोण गं चोरून बघतंय? सगळ्या हसल्या, कबूल कोणीच होईना. आत्यांचंच काम. भारी चौकस बाई.

१२ मार्च
ठमी म्हणते, काका गोष्ट सांगतो. कुठला काका, तर कॅमेऱ्यातला. मावशी म्हणाल्या, अहो, साहेबच बोलतात रोज दुपारी. मला हसू आलं. दहा दिवसांत कार्टीने बापाचा काका केला. त्याला चिडवलं पाहिजे.

१३ मार्च
चिडवायला फोन केला. तो म्हणतो, मी एकदाही बोललो नाही.
मग एकेकीला फोन केले. कोणाच्याच घरचं कोणी बोललेलं नाही. पासवर्ड बदलायला गेले, तर तो आधीच कोणीतरी बदललेला. कॅमेरा उपटून काढला. पोलिसांत तक्रार दिली.

१४ मार्च
रजा घेतली. मावशींनाही सुट्टी. सकाळी कुलूप लावून ठमीला घेऊन दूध आणायला गेले. दहा मिनिटं, फार तर पंधरा.
परत आले, तेवढ्यात मावशींचा फोन. रडत होत्या. परवा साहेबांनी कॅमेऱ्यातून सांगितलं म्हणे, दुरुस्तीवाला येईल, त्याला जास्तीची चावी द्या. त्यांनी दिली. चावी परत घेतली का, विचारलं. नाही म्हणाल्या.
कुलूप बदलायला माणूस बोलावलाय, तो निघालाय. मी आतून कडी घातली. दाराला पाठ लावून बसलेय. कॅमेरा मांडीवर, वायर हातात. लिहिलं नाही तर वेड लागेल.
ठमी आतल्या खोलीत खेळतेय. हसतेय.
म्हणतेय, काका, पुढे सांग ना —