माळ्यावर कोंडलेलं उदमांजर

अहो,

तीन महिने मी सांगत होते, माळ्यावर काहीतरी चालतंय. तुम्ही म्हणालात, "तुला भास होतात." काल तुमच्या धुतलेल्या सदऱ्यावर त्या उदमांजराची घाण पडली, तेव्हा कुठं तासाभरात त्याच्या येण्याजाण्याच्या भोकावर पत्रा ठोकलात. तोही भर दुपारी! ते जनावर रात्रभर हिंडतं आणि दिवसा झोपतं. स्वतः गिरणीत रात्रपाळी करून दिवसभर घोरता, तरी एवढं कळू नये? ते आतच कोंडलं की!

संध्याकाळी सातला तुम्ही बाहेर पडलात. पाळी बाराची असते, पण ते जाऊ दे. तुमच्यामागं त्यानं माळ्यावर जे थैमान घातलं! शेवटी स्टुलावर चढून मीच खिळे उपटले. माझ्या खांद्यावरून उडी मारून गेलं आणि पहाटे परत येऊन झोपलं. घरभर त्याचा वास, अगदी सुवासिक भात शिजल्यासारखा. शेजारच्या ईरम्मा विचारतात, "पाव्हणं आलंय व्हय? आंबेमोहोर शिजवलाव जणू!" दुष्काळात रानातली झाडं वाळली, तेव्हापासून ही जनावरं घरात शिरलीत, असं त्याच म्हणाल्या. त्यांना तरी माझं पटलं.

मी मंद्रूपला आईकडं जाते. कधी येईन, सांगता येत नाही. भाकरी टोपलीत झाकून ठेवल्यात. पत्रा आणि खिळे खिडकीत आहेत. दिवसा ठोकू नका. दिवेलागणीला ते बाहेर पडतं, तेव्हाच भोक बुजवा.

त्यासाठी मात्र एक संध्याकाळ घरी थांबावं लागेल.

दाक्षायणी