बाळकृष्णाची न्याहारी

कार्तिक व. २
पुन्हा उलटी. पहाटे पोटात आग पडते, तेव्हा खायला नाही. दुपारी पान वाढतात तेव्हा वासानेच घास फिरतो. मामंजींची पूजा ऊन डोक्यावर येईतो चालते, मग नैवेद्य, मग पुरुषांची पंगत, मग आम्ही. नैवेद्याआधी या घरात कोणी अन्नाला शिवायचं नाही, हा सासऱ्यांचा दंडक. लग्न होऊन आले तेव्हापासून पाळते, त्याचं काही नाही. पण आता मी एकटी कुठे आहे. शनिवार पेठेतल्या घराघरांतून पहाटे चुलीचा धूर निघतो आणि मला भूक लागते ती नेमकी तेव्हाच.

व. ५
गेल्या वर्षीचं चौथ्या महिन्यात गेलं. वैद्यबुवा तेव्हा म्हणाले होते, पोटात अन्न ठरेना, गर्भ कसा ठरावा. ते डोक्यातून जात नाही. आता तिसरा चालू आहे. यंदा ठरायला हवं. एवढंच हवंय, बाकी काही नको.
इकडची स्वारी कचेरीतून आली ती उपरण्यात आवळे बांधून. माजघराच्या उंबऱ्यावर ठेवले आणि कोणी बघायच्या आत पसार. बाप व्हायचंय यांना, आणि आवळे द्यायची चोरी.

व. ८
हौदावर घागर भरताना भोवळ आली, तिथेच बसले. सा.नी पाहिलं. (सा. म्हणजे सासूबाई. दर वेळी पूर्ण लिहायचं तर शाई पुरायची नाही.) काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत की जास्त भीती वाटते.

व. ९
आजचं लिहिल्याशिवाय चैन पडायची नाही.
उजाडायच्या आत सा. आंघोळ करून सोवळ्यात चुलीशी. मऊ भात, वर तूप, मेतकूट. वाटी घेऊन देवघरात गेल्या, रांगत्या बाळकृष्णापुढे ठेवली, पाणी फिरवलं आणि बाहेर येऊन ती वाटी सरळ माझ्या हातात. मामंजी संध्येला बसले होते. मान वळवून म्हणाले, हे काय नवीन? सा. शांतपणे म्हणाल्या,
"लहान मूल आहे ते. बाकीचे देव मोठे, ते थांबतात दुपारपर्यंत. हा कसा थांबेल? नैवेद्य झालाय. आता प्रसाद नको म्हणायचं का?"
मामंजींनी पुन्हा पळी उचलली. दंडक जागच्या जागी, आणि माझ्या पोटात भात. वाटी चाटूनपुसून संपवली. ठरलं. दिवसभर ठरलं.

मार्ग. शु. ४
न्याहारी रोज. कधी लोणी-साखर, कधी दशमी-दूध. उलटी नाही. काल मी सहज म्हटलं होतं की आंबट खावंसं वाटतंय, तर आज देवापुढे भाताशेजारी लिंबाच्या लोणच्याची मोठी फोड. मामंजी वाकून बघत राहिले. उठल्या उठल्या लोणचं कधीपासून खायला लागला हा, म्हणून विचारलं. सा.चं उत्तर तयार. म्हणे, तोंडाला चव नाही त्याच्या. मी पदर तोंडात कोंबला तरी हसू फुटलंच.

मार्ग. व. ११
चौथा सरला.
पुन्हा लिहिते, सरला. देवघराच्या दारात बसून रडले. सुखाने रडले. सा.नी कारण विचारलं, मी सांगितलं. त्या क्षणभर माझ्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, रडून भूक लागली असेल, चल.

पौष शु. ७
हलतंय. आधी वाटलं पोटातला वारा. नाही. न्याहारी झाली की हलतं, वाट बघत असल्यासारखं. इकडे कसं सांगावं कळेना. ताट वाढताना नुसती हसले. समजलं बहुतेक, कारण आमटीत मीठ नव्हतं तरी काही बोलणं झालं नाही.

पौष व. १
तिन्हीसांजेला मामंजींनी देवघरातून सा.ना हाक मारली. याला संध्याकाळी काही देत नाही का कोणी? सकाळी खातो, दुपारी जेवतो, मग रात्रीपर्यंत कोरडाच? माझ्याकडे बघितलं नाही. कधीच बघत नाहीत, बोलतही नाहीत, सुनेशी बोलायची त्यांची रीत नाही. पण समोरच्या तबकात खारका होत्या, आणि त्या त्यांनी स्वतः आणलेल्या. म्हणजे सगळं ठाऊक आहे. सा.ना विचारलं, कधीपासून? म्हणाल्या, पहिल्या वाटीपासून.

फाल्गुन शु. १३
वाईहून दादा न्यायला आला. पहिलं बाळंतपण माहेरी. होळी झाली की निघायचं. सा. डिंकाचे लाडू वळतायत आणि दादाला दरडावतायत, तिला पहाटे खायला लागतं, तुमच्याकडे कोण उठतं पहाटे?
मला भीती वाटते. माझी थोरली ताई पहिल्या बाळंतपणातून उठली नाही. घरात कोणी ते नाव काढत नाही, मीही काढत नाही. इथे लिहिलं, झालं.

फाल्गुन व. ३, कात्रज
मेणा तळ्याच्या काठी टेकवलाय. भोई पाणी पितायत. आमच्या हौदात येतं ते याच तळ्याचं.
निघताना मामंजी ओटीवर आले. हातात लहानसा डबा, आत तांबड्या वस्त्रात बाळकृष्ण. लग्नानंतर आज पहिल्यांदा माझ्याशी बोलले.
"सूनबाई, याला वेळेवर खायची सवय लागली आहे. खंड पडू देऊ नका. आणि हा या घरचा देव आहे. दुसऱ्या कोणाच्या हाती पाठवायचा नाही. तुम्हीच परत आणायचा."
सा. काहीतरी विसरल्यासारखं करून आत गेल्या. इकडची स्वारी खांबाआड उभी, डोळे पुसत.
आत्ता डबा उघडला. दशमीचा तुकडा पुढे ठेवला, तळ्याचं पाणी फिरवलं, खाल्ला. आतून लगेच लाथ. आता घाट आहे, मग वाई, मग काय ते देव जाणे. पण देव मांडीवर आहे आणि त्याला घरी पोचवायचं माझ्याकडे आहे. म्हणजे मला यायलाच हवं.