पालथी पानं

सोमवार, ९ मार्च

साडूभाऊ,

इकडे सगळे ठणठणीत. तिकडेही तसंच असणार असं गृहीत धरून थेट गाऱ्हाण्यावर येतो. तू येईनासा झाल्यापासून शनिवारच्या पोकरला तुझी खुर्ची दातवाल्याने बळकावली आहे. माणूस डेंटिस्ट, पण अंगकाठी कपाटाची. पंख्याचा सगळा वारा तोच अडवतो. दोन शनिवार मी माझ्याच घरात घामाघूम होऊन पत्ते पिसतोय. यावर दाद कुठे मागायची, तेवढं कळव.

बहिणीबहिणींचा रोज फोन असतो, त्यामुळे तुझा राग उतरलेला नाही हे कळतं. ‘त्याने माझ्या पानांना हात लावला,’ एवढंच म्हणतोस म्हणे.

नियमाचं म्हणशील तर मी चूक नव्हतो. टाकलेली पानं एकाला दाखवली की सगळ्यांना दाखवायची. तू डाव सोडलास आणि पानं पालथी सारण्याआधी दातवाल्याकडे हळूच कलती केलीस. दोघं खुसखुसलात. त्यानेही डाव सोडलेलाच होता, म्हणजे खेळात काडीचा फरक पडणार नव्हता. तरी मी म्हणालो, “उघड ती.”

“अरे, सोडलाय मी डाव!”

“नियम म्हणजे नियम.”

“जाऊ द्या हो,” दातवाला म्हणाला, “घरातलाच खेळ आहे.”

घरातलाच! दाढ काढून घ्यायला गेलास आणि दाढेच्या बदल्यात हा उचलून आणलास, त्याला तीन महिने झाले नाहीत. मी हात लांबवून तुझी पानं उताणी केली. गुलाम आणि चव्वी. त्यात खुसखुसण्यासारखं काय होतं, देव जाणे. तू उठलास, चष्मा खिशात घातलास आणि गेलास.

बायको म्हणाली, “नियम पुढे करू नका. पोटात दुखतंय तुमच्या.”

म्हटलं, “मग बरंच आहे की, डॉक्टर घरी येतोच.”

“तो दातांचा. हे दुखणं त्याच्या आवाक्यातलं नाही.”

बारा वर्षं तू टाकलेली पानं मला दाखवायचास. टेबलाखालून गुडघा ढोसून, फक्त मला. औषधाच्या दुकानवाला कुरकुरायचा, “काय चाललंय साडूसाडूंचं!” तेव्हा हा नियम मला एकदाही आठवला नाही. तो ‘एक’ बदलला, तेव्हा आठवला. आता मी डाव सोडतो, पानं सारतो. कुणाकडे कलती करावीशी वाटत नाहीत.

असो. त्या रात्रीचा तो डाव मीच जिंकलो. समोर एकटा दुकानवाला उरला होता, गोंधळात त्यानेही डाव सोडला. त्यामुळे माझी मला दाखवावी लागली नाहीत. तुझी मात्र सगळ्यांनी पाहिली. तेवढं तुझं देणं लागतो, ते घे : चौकट तिर्री, किलवर अठ्ठी. निव्वळ हूल होती. बायकोलाही बोललेलो नाही.

एकालाच दाखवतोय. नियम मोडून.

तुझाच,
साडू