मासोळीला पाणी आवडत नाही

ती. ताई,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा जेवढा वाकलो तेवढा गोड मानून घे). गुडघा कसा आहे? त्या गुडघ्यापायी तू स्वतः न येता मला लेकीबरोबर स्पर्धेला पाठवलंस, आणि इथे जे ऐकलं त्यातून मी अजून सावरलेलो नाही. उभी असशील तर आधी बस.

वर्तमानपत्रवाले जिला मासोळी म्हणतात, त्या तुझ्या मुलीला पोहायला आवडत नाही. म्हणजे हल्ली नव्हे, कधीच नाही. सरावाच्या वेळी काठावर उभी राहून ती तलावाकडे बघत होती, आपण दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीकडे बघतो तशी. मी आपलं सहज म्हटलं, आज मजा येईल. तर म्हणाली, "मामा, पाणी गार असतं, नाकात जातं आणि केसांचा झाडू होतो. मजा कसली त्यात?" हातातला चहा माझ्याच पायावर सांडला. (बूट नवे होते. असो.)

मी तडक तिच्या प्रशिक्षक बाईंकडे गेलो. वाटलं, बाई हादरतील. त्या शिट्टी पुसत म्हणाल्या, "माहीत आहे मला." मग कडेला खिदळत डुंबणाऱ्या एका मुलीकडे बोट दाखवून म्हणाल्या की, हिचा पाण्यावर फार जीव, म्हणून मन लागेल त्या दिवशीच उतरते. तुमच्या भाचीचं मन कधीच लागत नाही, म्हणून ती रोज उतरते. मी तिथेच पायरीवर मटकन बसलो. पायरी ओली होती.

अंतिम शर्यतीत ती डुंबणारी सर्वांत शेवटी आली आणि नंतरही खुशाल तरंगत राहिली. आपली पोर पहिली आली, आणि पाण्याबाहेर यायलाही पहिलीच. पत्रकाराने विचारलं, पाणी म्हणजे तुमच्यासाठी काय? "ओलं," एवढं बोलून तिने टॉवेल मागितला.

खोलीवर आल्यावर मी म्हटलं, मग सोड की. केस पुसता पुसता ती थांबली. "का सोडू? काम चांगलं जमतं मला. तुला तरी ऑफिस आवडतं का?" मी म्हटलं, माझी गोष्ट वेगळी, ऑफिसात मी कधी पहिला येत नाही. ती हसली नाही. म्हणाली, "आईला सांगू नकोस हं. हिला पोहायला फार आवडतं, असं सगळ्यांना सांगत असते ती."

मी शब्द दिला आहे. (हे पत्र त्या शब्दात बसत नाही, हे मलाही कळतं.)

तुझा,
भाऊ

ता. क. बक्षीस म्हणून तू ठरवलेली समुद्रकाठची सुट्टी तेवढी रद्द कर. पत्र खरं त्यासाठीच. कुठेतरी कोरडी जागा बघ.

ता. क. आणखी एक. इतकी वर्षं भल्या पहाटे उठून तिला तलावावर न्यायचीस, कुडकुडत काठावर बसायचीस. तुला तरी ते आवडायचं का गं? खरं काय ते तिलाच कळव, मला नको. मला आणखी धक्का झेपणार नाही.